पाण्यातलं घड्याळ

दहाव्याला कावळा घड्याळाच्या नावावर शिवला, ही बातमी अकराव्याच्या दुपारपर्यंत भालकीपासून गच्चीबोलीपर्यंत सगळ्या नातलगांत पोचली होती.

त्याआधी सव्वा तास तो शिवत नव्हता. पुरानापुलाजवळ नदीकाठी पिंड मांडून झाले, ऊन वर आलं, समोरच्या लिंबावर तीन कावळे निवांत बसून होते. सारंगने हात जोडून सांगितलं, बाबा, आईला मी सांभाळेन. एका कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली. सुशीलाआत्यांनी आपल्या गेलेल्या भावाला सांगितलं, एकनाथा, मृण्मयीचं पुन्हा कुठं जमतं का बघू आम्ही. मृण्मयी मागेच उभी होती. एकेचाळीस वर्षांची, घटस्फोटाला सहा वर्षं झालेली. कावळे हलले नाहीत. दिलीपकाकांनी भालकीच्या शेताचा वाद मिटवतो असं म्हटल्यावर तर एक उडून नदीपलीकडे गेला. शेवटी उकिडवं बसून काकांचे गुडघे भरून आले आणि ते वैतागून म्हणाले, "दादा, तुझं ते पाण्यातलं घड्याळ घेतो रे. बस्स कर आता."

उरलेले दोन्ही कावळे एकदम खाली आले.

एकनाथरावांनी जामबागेतल्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवला होता. महासागरांची खोली त्यांना तोंडपाठ होती. स्वतः ते समुद्रात एकदाच उतरले होते, विजार दुमडून, गुडघ्यापर्यंत. पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ रोज घालायला घ्यावं, असं त्यांच्या मनाने सहा वर्षांपूर्वी घेतलं. कारण साधं होतं. कूलरमध्ये पाणी भरताभरता त्यांच्या तीन घड्याळांच्या काचेखाली धुकं साचलं होतं. पाण्याखाली ज्याच्यावर माणसाचा जीव असतो ते आपल्या कूलरला घाबरणार नाही, असं ते म्हणत. एकदा मनगटावर चढलं की अंघोळीला, भांड्यांना, पावसाला काढायचं नाही, आणि शिक्षकाच्या पेन्शनीत बसायचं, एवढीच अट.

मग दर शनिवारी संध्याकाळी मृण्मयीला स्कूटरवर मागे बसवून ते अबिड्सला घड्याळं बघायला जात. दोनशे पानी वहीत एका घड्याळाला एक पान. वर नाव, खाली गुण, त्याखाली दोष. दोष निघाला की पान उलटायचं. सहा वर्षांत एकतीस पानं भरली आणि घड्याळ काही आलं नाही. या महिन्याच्या आठ तारखेला, सोमवारी, सकाळी पेपर वाचता वाचता एकनाथराव गेले.

मृण्मयीला ते घड्याळ हवं होतं. कुठलं ते अजून ठरलेलं नव्हतं, पण जे ठरेल ते तिला हवं होतं, आणि ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी ठरवू नये असंही वाटत होतं. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. अकराव्या दिवशी मुलीने तोंड उघडून काही मागितलं की ते वाटणीसारखं ऐकू येतं.

तेरावा शनिवारी होता. तोवर घड्याळ घरात यायला हवं होतं.

*

कावळा आपल्या शब्दावर उतरला हे दिलीपकाकांना स्वतःलाच धड पटलं नव्हतं. खरं तर ते गुडघ्यांमुळे बोलले होते. पण बेगम बाजारात भांड्यांचं दुकान चालवता चालवता त्यांचं सगळं आयुष्य 'मास्तरांचा धाकटा भाऊ' म्हणून गेलं होतं, आणि आज पहिल्यांदा घरातली माणसं त्यांना विचारत होती की तुम्ही नेमकं काय म्हणालात. ते पुन्हा पुन्हा सांगत होते. दर वेळी आवाज थोडा खोल जात होता.

"घेतो म्हणालो मी. म्हणजे त्याच्यासाठी घेतो. तेराव्याला अंथरूण, छत्री, जोडे गुरुजींना देतोच ना आपण? त्याच्यावर घड्याळ ठेवायचं. दादाला पोचतं."

"हौ," सुशीलाआत्या म्हणाल्या. "वैतरणी लागते वाटेत. पाण्याचं घड्याळ कामाचंच आहे."

सारंगला हे मान्य नव्हतं. काका 'घेतो' म्हणाले, 'देतो' म्हणाले नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनीत तो करार वाचायचं काम करत असे आणि घरीही तो ते थांबवत नसे. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. हॉलमध्ये, एकनाथरावांच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी, एक तक्ता उमटला: अकरा घड्याळं, चौदा रकाने, हिरवे-पिवळे रंग. मग त्याने एक व्हिडिओ लावला. त्यात काळ्या रबरी पोशाखातला एक गोरा माणूस बोटीवरून मागच्या मागे समुद्रात पडला, आणि आत्यांनी पदर तोंडाला लावला.

तीनशे मीटर, सारंग सांगत होता. हीलियम वाल्व्ह. स्विस.

त्याची बायको रसिका भिंतीला टेकून हे बघत होती. ती मूळची पुण्याची. या घरात पोहता येणारी ती एकटीच होती, पण दोन दिवसांत तिला ते कुणी विचारलं नव्हतं. सकाळी लॅपटॉप उघडला तेव्हा नवऱ्याने काय शोधलं होतं ते तिने पाहिलं होतं: सात इंची मनगटाला कोणतं डायव्हर वॉच. सासऱ्यांचं मनगट सहा इंचांचंही नव्हतं. सात इंच कुणाचं हे तिला माहीत होतं. त्या मनगटावर आधीच पावलं मोजणारं एक घड्याळ होतं, आणि पावलं काही वाढली नव्हती.

"मला आत्यांचं पटतं," रसिका म्हणाली. "दान करावं."

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आत्यांच्या बाजूने ती बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आत्यांनी तिला जवळ बोलावलं आणि बसायला आपल्या चटईचा अर्धा भाग दिला.

तेव्हा सारंगने वही काढली. बाबांनी सगळं लिहून ठेवलंय, तर बाबाच ठरवू देत. हा डाव चांगला होता. पण वही उघडून तो थांबला. तो इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी छापील असेल तर अडखळत वाचायचा, आणि बाबांचं अक्षर म्हणजे फळ्यावर घाईने काढलेल्या नद्या. काकांचा चष्मा गौलीगुड्याला घरी राहिला होता. वही मृण्मयीकडे आली.

तक्त्यातली अकराही घड्याळं वहीत होती. तिने पहिलं पान वाचलं. स्विस घड्याळ. गुण सात. दोष: "किंमत मास्तरची नाही. सर्व्हिसला परगावी धाडावं लागतं. टिकाऊ म्हणजे गावात दुरुस्त होतं ते."

सारंगने तक्त्यातली एक ओळ लाल केली.

दुसरं, स्वस्तातलं. "डायलवर दोनशे मीटर लिहिलंय, पण चावीला आटे नाहीत. नुसतं लिहून पाणी थांबत नाही." तिसरं काकांना फोटोत आवडलं होतं, कारण ते वजनदार दिसत होतं. "वाटीएवढं आहे. हात खिशात जाणार नाही." चौथं सेलवर चालणारं. "सेल बदलायला मागचं झाकण उघडणार, आणि दर वेळी नवं रबर घालतीलच असं नाही. पाणी तिथून शिरतं."

एकेक ओळ लाल होत गेली. मेलेल्या माणसाच्या हरकतीवर उलट बोलता येत नाही. बाबांच्या वाक्यांना मृण्मयीच्या आवाजात एक चाल येत होती, आणि गेल्या अकरा दिवसांत पहिल्यांदा तिला तहान लागली. तिने पाणी मागितलं, प्यायली, पान उलटलं. पाचव्या घड्याळाखाली बाबांनी लिहिलं होतं, "पट्ट्याचा चाप बरा. विचार करण्यासारखं." सारंगच्या तक्त्यात ते हिरवं होतं.

"काच लवकर चरते," मृण्मयीने वाचलं.

सारंगने ते लाल केलं.

त्यानंतर ती बाबांच्या पुढेच गेली. एकाचं रेडियम पहाटेपर्यंत टिकत नव्हतं, एकाचं फिरतं कडं सैल होतं, एकाच्या काट्यांकडे बघून मन लागत नव्हतं. हे शेवटचं ऐकून काका म्हणाले, दादाच तो, अगदी दादा. स्वयंपाकघराच्या दारात उषाताई, एकनाथरावांच्या पत्नी, हातात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि आत गेल्या.

चार वाजेपर्यंत तक्ता पूर्ण लाल झाला होता.

*

आत्यांना मध्येच शंका आली की स्टील म्हणजे लोखंड, ते दानात चालतं का. गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकलं. गुरुजी काचीगुड्याला राहत आणि असल्या प्रश्नांना सरावलेले होते. अष्टदानात लोह सांगितलेलंच आहे, त्यांनी सांगितलं, तेव्हा स्टीलला अडचण नाही. सेलबद्दल ग्रंथांत काही नाही, पण ऑटोमॅटिक असेल तर प्रश्नच मिटला, ते हाताच्या हालचालीवर चालतं. काकांनी विचारलं, मृताला पोचतं ना? निश्चित पोचतं, गुरुजी म्हणाले, श्रद्धा हवी.

मग त्यांनी थोडं थांबून सांगितलं, "फक्त बेचाळीस मिलिमीटरच्या वर घेऊ नका. माझ्या हाताला मोठं दिसतं."

फोन बंद झाला.

दिलीपकाकांच्या डोळ्यांसमोर दोन दिवस एक चित्र होतं: दादा, विजार दुमडून, काळ्या पाण्यात, मनगटावर रेडियमचे हिरवे ठिपके. आता त्या जागी गुरुजी स्कूटरवर बसलेले दिसू लागले. त्यांचा हात सिग्नलला हँडलवर होता आणि ते घड्याळ बघत होते. काकांना हे सहन होईना. शब्द मी दिलाय, त्यांच्या मनात आलं. ज्याने शब्द दिला त्याने घातलं तर? दादाचा भाऊच तो.

हे ते मोठ्याने बोलले नाहीत, पण दानाचा आग्रह जरा थांबवू म्हणाले. आत्या चटईवर एकट्या पडल्या, कारण रसिकाही उठून चहाला गेली होती.

एकट्या पडल्या की आत्या नवीन काहीतरी काढत. त्यांनी कावळ्यालाच विचारायचं काढलं. तीन घड्याळांचे फोटो सारंगला खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायला लावले, गच्चीच्या कठड्यावर ओळीने ठेवले, प्रत्येकावर भाताचा गोळा. सगळे टाकीच्या सावलीत उभे राहिले. जामबागेत कावळे आता कमी आणि कबुतरं फार. पाच मिनिटांत चाळीस कबुतरं उतरली, तीनही गोळे संपवले आणि तीनही घड्याळांवर आपापलं मत देऊन उडाली. सारंगने वाकून बघितलं. काकांनी विचारलं, कुठल्यावर जास्त? रसिका जिना उतरून खाली गेली, कारण सुतकाच्या घरात हसू नये हे तिला माहीत होतं.

*

सहा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी दोन तास हे घर उषाताईंचं एकटीचं असायचं. त्या रेडिओ लावून पाय पसरून बसत. त्यामुळे त्या घड्याळाचे उपकार त्यांच्यावरही होते.

संध्याकाळच्या चहाची भांडी घासायला मृण्मयी आत आली तेव्हा उषाताई वरण घोटत होत्या. त्यांनी नळ बारीक करायला सांगितला.

"काच लवकर चरते, असं कुठं लिहिलंय गं?"

मृण्मयी घासत राहिली.

"मी वाचलीय ती वही. तुम्ही परत आलात की हे अंघोळीला जायचे, मी वाचायची. पाचव्या पानावर पट्ट्याचा चाप बरा असं आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुझा आवाज किती दिवसांनी ऐकू येत होता." त्यांनी गॅस बारीक केला. "पण उद्या काय वाचशील? तक्ता तर संपला."

मृण्मयी म्हणाली की तिला तेवढंच हवं होतं, तेराव्यापर्यंत काही ठरू नये. मग लोक आपापल्या घरी जातील आणि विसरतील. बाबांना कधीतरी ते घ्यायचं होतं आणि त्यांचं घ्यायचं राहून गेलं, हे दुसऱ्या कुणी एका दुपारी उरकून टाकलेलं तिला बघवणार नव्हतं.

"त्यांना घ्यायचं नव्हतं," उषाताई म्हणाल्या.

मृण्मयीने नळ बंद केला.

"शनिवारीच का जायचे? शनिवारी लोखंड विकत घेऊन घरात आणत नाहीत, हे तुझ्या आजीचं. हे देवाला हात जोडायचे नाहीत, पण हे एक बरोबर लक्षात ठेवलं होतं. मी एकदा म्हणाले, रविवारी जा की, पसंत पडलं तर घेऊन तरी येता येईल. तर म्हणाले, म्हणूनच रविवारी नको." त्यांनी वरणात पाणी घातलं. "तू तेव्हा नुकती परत आली होतीस. खोलीतून बाहेर येत नव्हतीस. मी सगळे उपास केले. यांनी वही आणली."

मृण्मयी ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. बाहेर आत्या सारंगला विचारत होत्या की टायटॅनियम म्हणजे चांदीतला प्रकार का.

"शेवटचं पान वाचलंस?" आईने विचारलं.

तिने वाचलं नव्हतं. वही हॉलमधून मागवली तर चर्चा झाली असती, म्हणून उषाताईंनी स्वतःच आणली. एकतिसावं पान, सहा तारीख. जपानी यंत्र, चाळीस मिलिमीटर, दोनशे मीटर, सफायर काच, आट्यांची चावी. अबिड्समध्येच दुरुस्त होतं. गुण नऊ. त्याखाली दोष, आणि दोषाखाली एका ओळीत: "सापडला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा पाहणे."

मृण्मयीने ते दोनदा वाचलं. मग तिने विचारलं, "त्यांना दाखवावं लागेल का हे? सारंगला वगैरे?"

"तुला काय वाटतं ते मला विचारू नको," उषाताई म्हणाल्या. "पण उद्या मी येणार दुकानात."

*

रात्री जेवणानंतर मृण्मयीने एकतिसावं पान सगळ्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. बाराव्या दिवशी उषाताईंनी बाहेर पडायला चपला घातल्या तेव्हा आत्यांनी सांगितलं की वहिनी, वर्ष व्हायच्या आत असं दुकानांतून फिरणं बरं दिसत नाही. उषाताईंनी दुसरी चप्पल घातली. मग आत्यांनीही आपल्या शोधल्या.

शुक्रवार होता, त्यामुळे घड्याळवाल्या खादरसाबांचं दुकान नमाजनंतर तीनला उघडलं. अबिड्सच्या गल्लीतलं ते दुकान इतकं अरुंद होतं की सारंगच्या गाडीतली सहा माणसं आत शिरल्यावर दार लागेना. मृण्मयी सगळ्यांत पुढे होती. खादरसाबांनी भिंग डोळ्यावरून वर केलं आणि सवयीने समोरच्या हॉटेलाकडे ओरडून सांगितलं, "दो चाय, एक बगैर शक्कर की." मग ते म्हणाले, "आज जुम्मे को कैसे? सर गाड़ी लगा रए क्या?"

"सर नहीं रहे, खादरसाब," मृण्मयी म्हणाली. "आठ तारीख को."

त्यांनी भिंग काढून ठेवलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, आणि काचेचा काउंटर फडक्याने पुसला. तो स्वच्छच होता. चहा आला. बिनसाखरेचा आत्यांनी घेतला. त्यांना मधुमेह होता.

मृण्मयीने घड्याळ मागितलं. कुठलं ते सांगावं लागलं नाही. खादरसाबांनी खालच्या खणातून ते काढलं. सरांनी बाजूला ठेवायला सांगितलं होतं, ते म्हणाले, पुन्हा बघतो म्हणाले होते.

घड्याळ हातोहात फिरलं. सारंगने चावी उघडून बंद केली, फिरतं कडं एकशेवीस खटके मोजून फिरवलं आणि घड्याळ काकांकडे दिलं. काकांनी तांब्या तोलावा तसं ते तळव्यावर तोललं आणि वजन बरोबर आहे असं सांगितलं. आत्यांनी कानाला लावलं. रसिकाने पट्ट्याचा चाप लावून पाहिला. दोष कुणाला सापडला नाही, आणि त्यामुळे सगळ्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं. पैसे काकांनी द्यायचे यावर मात्र एकमत झालं. शब्द त्यांचा होता.

खादरसाबांनी लहानशी हातोडी आणि पिन काढायची सुई पुढे घेतली.

"किसके हाथ का नाप लेऊँ?"



आत्या म्हणाल्या, तसंच बांधून द्या. तसंच देता येत नाही, खादरसाबांनी समजावलं. एवढ्या कड्या ठेवल्या तर हातातून गळून पडेल, आणि कमी-जास्त काढल्या तर रुतेल. स्टीलचा पट्टा हात बघितल्याशिवाय होत नाही. ज्याला घालायचं त्याने हात पुढे करावा.

आत्यांनी विचारलं, गुरुजींना फोन करून माप घ्यायचं का? काका म्हणाले, नुसतं बघू तरी, आणि त्यांनी शर्टाची बाही वर केली. सारंगने मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ आधीच काढून खिशात टाकलं होतं. काउंटरवर दोन हात शेजारी शेजारी आले, एक केसाळ, एक भांड्यांच्या दुकानातला. दोघेही एकमेकांच्या हाताकडे बघत नव्हते.

मृण्मयीने त्यांच्या मध्ये आपला हात ठेवला.

"ताई," सारंग हळू आवाजात म्हणाला, "जेंट्स आहे ते."

"मला हवंय."

तिने आवाज चढवला नव्हता. पण वाक्य लहान होतं आणि दुकानही, त्यामुळे ते सगळ्यांना लागलं. सारंगने बहिणीकडे पाहिलं. सहा वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलेलं त्याला आठवेना. आठवत होतं ते हे, की आपण तिला काही विचारलंही नव्हतं. त्याचा हात तिथेच राहिला, पण त्याचं बोट आता काचेवर काहीतरी रेघोट्या ओढत होतं.

"पण कावळा शिवला तो दादासाठी..." काकांनी सुरुवात केली.

"भावजी, कावळा शिवला, त्याचं काम झालं," उषाताई म्हणाल्या. "पुढचं घरातलं आहे." मग त्या खादरसाबांकडे वळल्या. सहा वर्षं ज्याचं नाव ऐकलं त्या माणसाला त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. "निकालो, भाई. जित्ते निकालना है उत्ते."

सारंगने हात काढून घेतला. काकांना बाही खाली करायला जरा वेळ लागला. गुरुजींना मग काय द्यायचं, आत्यांनी विचारलं, त्यांनी बेचाळीस सांगून ठेवलंय. रसिका म्हणाली, छत्री जरा मोठी घेऊ. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि चटईचा अर्धा भाग परत घेतला गेला हे सगळ्यांना कळलं.

सहा कड्या निघाल्या. खादरसाबांनी त्या चिमुकल्या पिशवीत घालून दिल्या आणि तीन वर्षांनी रबर बदलायला घेऊन यायला सांगितलं. घड्याळ तिच्या मनगटावर बसलं. बाईच्या हातावर ते मोठं दिसत होतं, आणि कुणी तसं बोललं नाही.

ते बंद होतं. सहा तारखेला सरांनी थोडी चावी दिली होती, तेवढ्यावर रात्रभर चालून खणातच थांबलं होतं. तारखेच्या चौकटीत सात होता. चावीचे आटे सोडून, एक खटका बाहेर ओढून, तारीख एकेक पुढे आणायची. खादरसाब करून देत होते, पण मृण्मयीने मान हलवली आणि दोन बोटांत चावी धरली.

आठ आली. तिची बोटं थांबली नाहीत. नऊ, दहा. आकडा दर वेळी अर्धा अडकायचा आणि मग टक्कन बसायचा. काकांनी चष्मा पुसला. आत्या चहा संपवून कप कुठे ठेवायचा ते शोधत होत्या. सतरा, दहाव्याचा दिवस. अठरा, वहीचा. एकोणीस.

भिंतीवरच्या घड्याळात बघून तिने काटे पावणेचारवर आणले, चावी आत दाबली आणि आटे पूर्ण बसेपर्यंत फिरवली.

"बंद हुआ बराबर?" खादरसाबांनी विचारलं.

"हौ," ती म्हणाली. "अब पानी नहीं जाता."